किल्ली कोणाच्या नावावर?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी आणि माझी पत्नी आमच्याच घराच्या दाराबाहेर पाऊण तास उभे होतो. दिल्लीलगतच्या एका गृहसंकुलातील हे घर आम्ही निवृत्तीनंतर घेतले. खरेदीखत आम्हा दोघांच्या नावावर आहे आणि मालमत्ता कराची पावतीही आमच्याच नावाने येते. दाराचे कुलूप मात्र परदेशी राहणाऱ्या मुलाने बसवून दिलेले. आईवडील दोघेच राहतात, किल्ल्या विसरतात, उद्या कोणी आत पडले तर दार उघडणार कोण, अशी त्याची रास्त काळजी. हे कुलूप बोटाच्या ठशाने उघडते, आकड्यांच्या संकेताने उघडते आणि मोबाइलवरूनही उघडते. त्या रात्री यंत्राने पत्नीच्या बोटाचा ठसा ओळखला नाही. या वयात ठसे पुसट होतातच. घाईघाईत मी आकडे पुन्हापुन्हा चुकवले आणि कुलपाने काही काळ आमचे काही ऐकायचेच नाकारले. मोबाइलवरील अ‍ॅपने ओळख पटवण्यासाठी ओटीपी मागितला. तो गेला मुलाच्या फोनवर, आणि मुलगा तिकडे कार्यालयीन बैठकीत होता. अखेर त्याने संदेश पाहिला, क्षमा मागितली आणि हजारो किलोमीटरवरून आमचे दार उघडून दिले. कुलपाबरोबर आलेली धातूची किल्लीही आमच्याकडे होती, पण ती आत कपाटात.

दुसऱ्या दिवशी मी त्या अ‍ॅपमधली नोंद उघडून पाहिली. ‘मालक’ या रकान्यात मुलाचे नाव होते. माझे आणि पत्नीचे नाव ‘पाहुणे’ या रकान्यात होते.

मुलाच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण तीन दशकांहून अधिक काळ सरकारी दप्तरांत घालवलेल्या माणसाला नावाच्या रकान्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. खरेदीखतात मी मालक आणि कुलपाच्या दप्तरात पाहुणा. या दोन नोंदींत तंटा झाला तर त्या क्षणी दार कोणाचे ऐकेल? आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर प्रेमाने मिळाले. ज्या घरांत ते तसे मिळणार नाही, तेथे कायद्याने काय करावे, याचा विचार आपण अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

प्रथम हे कुलूप चालते कसे, ते पाहू. मोबाइलवर ‘उघड’ असे म्हटले की तो आदेश बहुधा थेट दाराकडे जात नाही. तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तेथून घरातील वायफायकडे येतो, वायफायकडून एका लहान जोडयंत्राकडे आणि तेथून ब्लूटूथ, झिगबी किंवा झेड-वेव्ह अशा कमी शक्तीच्या बिनतारी लहरींवरून कुलपापर्यंत पोहोचतो. कुलूप साध्या बॅटऱ्यांवर चालते. वायफाय सतत चालू ठेवले तर त्या लवकर संपतात, म्हणून हे मधले यंत्र. या साखळीतील शेवटचा दुवा, म्हणजे जोडयंत्र ते कुलूप, तुमच्या घरात असतो. पण तुम्ही घराबाहेर असताना ज्या दुव्यावर सारे अवलंबून असते तो सर्व्हर दुसऱ्या शहरात, कदाचित दुसऱ्या देशात असतो. म्हणजे हे कुलूप विकत घेताना आपण केवळ एक वस्तू घेत नाही. एका त्रयस्थाकडे घराची किल्ली ठेवायला देतो आणि त्याची पावती मात्र मागत नाही.

किल्ली त्रयस्थाकडे ठेवणे हे आपल्या प्रशासनाला नवे नाही. नोकरीच्या सुरुवातीला जिल्हा कोषागाराशी माझा संबंध आला, तेव्हा सर्वप्रथम शिकवले गेले ते दुहेरी कुलूप. खजिन्याच्या खोलीला दोन कुलपे. एकाची किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. दुय्यम किल्ल्यांचा संच मोहोरबंद करून दुसऱ्या ठिकाणी जमा करायचा, त्याची नोंदवही ठेवायची, ठरल्या काळाने तो मागवून तपासायचा आणि पुन्हा मोहोर लावून परत पाठवायचा. तरुणपणी हा सारा प्रकार मला ब्रिटिश काळातील कंटाळवाणा कर्मकांडी वारसा वाटला होता. पुढे लक्षात आले की, या पद्धतीत तीन प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात. किल्ली कोणाकडे आहे? दुय्यम किल्ली कोठे आहे? आणि कोणी, केव्हा उघडले याची नोंद कोण तपासतो?

ही उत्तरे हरवली की काय होते, ते पुरीच्या जगन्नाथ मंदिराने देशाला दाखवले. एप्रिल २०१८ मध्ये रत्नभांडाराच्या पाहणीसाठी पथक आत गेले, तेव्हा आतल्या कक्षाची किल्लीच उपलब्ध नव्हती. जाळीतून डोकावून पाहणी करावी लागली. जिल्हा कोषागारात असायला हवी ती किल्ली सापडत नाही, हे नंतर उघड झाले. जूनमध्ये जिल्हाधिकारी कार्यालयात दुय्यम किल्ल्या असल्याची नोंद असलेले पाकीट मिळाले, चौकशी आयोगही नेमला गेला, आणि १४ जुलै २०२४ रोजी प्रत्यक्ष दार उघडण्याची वेळ आली तेव्हा त्या किल्ल्या लागल्या नाहीत. दंडाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत कुलपे तोडावी लागली. कुलूप भक्कम होते. हरवली होती ती किल्लीची जबाबदारी. पण तेथे निदान कोणाला जाब विचारायचा हे ठाऊक होते, कारण किल्ली कोठे असायला हवी याचा नियम होता. आपल्या घराच्या बिनतारी किल्लीसाठी तसा नियम कोठे आहे?

असा नियम करणे अशक्य नाही, कारण अगदी जवळचा एक दाखला आपल्याकडे तयार आहे. कोलकात्याच्या एका बँकेने ग्राहकाचे लॉकर, भाडे भरलेले असतानाही, त्याला न कळवता फोडले. ‘अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला. ग्राहकाला पाच लाख रुपयांची भरपाई मिळाली, हा त्या निकालाचा लहानसा भाग. न्यायालयाने त्याहून दूरचे पाहिले. जुन्या लॉकरला दोन किल्ल्या असत आणि त्यांतील एक ग्राहकाच्या हाती असे. इलेक्ट्रॉनिक लॉकर आले की ग्राहकाकडे सांकेतिक शब्द असतो, पण त्या तंत्रावर ताबा ठेवण्याइतके ज्ञान नसते. एखादा लबाड त्या तंत्राशी खेळ करून त्याच्या नकळत लॉकर उघडू शकतो. अशा स्थितीत ग्राहक पूर्णपणे बँकेच्या भरवशावर असतो, म्हणून बँकेला हात झटकता येणार नाहीत, असा त्या विवेचनाचा आशय होता. न्यायालयाच्या आदेशानुसार रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये नवे नियम केले. लॉकर उघडले गेले की त्याच दिवशी ग्राहकाला संदेश, इलेक्ट्रॉनिक लॉकरच्या व्यवहारांची बदलता न येणारी नोंद, जैविक ओळखीची माहिती संमतीविना कोणाला न देण्याचे बंधन आणि बँकेच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या अफरातफरीसारख्या प्रसंगी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतके दायित्व, असे ते नियम आहेत.

म्हणजे पत्नीचे दागिने बँकेत असतील तर त्यांच्या इलेक्ट्रॉनिक कुलपाला देशात नियम आहे. ते दागिने घरी आणले, आणि दागिन्यांबरोबर त्या घरात पत्नीही झोपली असेल, तर त्या दाराच्या कुलपाला तितका नेमका नियम नाही.

ही त्रुटी तीन नात्यांत जाणवते. पहिले नाते कंपनी आणि ग्राहकाचे. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका कुलूप कंपनीने चुकीचे सॉफ्टवेअर आपल्या कुलपांना दुरून पाठवले आणि सुमारे पाचशे कुलपांचे आकडे चालेनासे झाले. त्यांपैकी बरीच कुलपे पाहुण्यांना घर भाड्याने देणाऱ्यांची होती. कोणी चोर आला नव्हता. किल्ली सांभाळणाऱ्याच्या हातून चूक झाली होती. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या संस्थेच्या संशोधकांनी वेगळाच धोका दाखवला. फोन जवळ आला की काही कुलपे आपोआप उघडतात. दोन उपकरणांच्या साह्याने फोन आणि कुलूप यांच्यातील ब्लूटूथ संभाषण पुढेपुढे नेले, तर फोन दूर असूनही कुलपाला तो दाराशीच आहे असे वाटते. सांकेतिक भाषा फोडावी लागत नाही. निरोप्या व्हावे लागते. आणि तिसरी शक्यता सर्वांत साधी आहे. कंपनी बंद पडली किंवा तिने सर्व्हर बंद केला, तर दुरून उघडण्याची सोय त्या दिवशी संपते. लोखंडी कुलूप कारखाना बंद पडला म्हणून उघडायचे थांबत नाही.

दुसरे नाते घरमालक आणि भाडेकरूचे. बंगळूरु, गुरुग्राम, पुणे, हैदराबाद येथील तरुण नोकरदारांच्या निवासांत आकड्यांचे कुलूप आता नवलाचे राहिलेले नाही. पूर्वी भाडेकरूला बेकायदा बाहेर काढायचे तर घरमालकाला दारावर माणसे न्यावी लागत, कुलूप बदलावे लागे, शेजारी पाहत. आता एका स्पर्शाने संकेत रद्द होतो. कायदा येथे मुका नाही. कायदेशीर प्रक्रियेविना ताबा गेलेल्या माणसाला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दाद मागता येते. मालकी सिद्ध करण्याचीही गरज नसते. पण सहा महिन्यांची मुदत आणि सामान फूटपाथवर असलेली रात्र यांत अंतर आहे. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरमालकाने आत येण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना द्यावी असे म्हटले आहे. कुलपाचा उल्लेख त्यात मुख्यतः दुरुस्तीच्या यादीत येतो; दाराच्या मुठी आणि कुलपे भाडेकरूने बदलावीत, एवढाच. त्या कुलपाचा संकेत कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न त्या मसुदाकारांपुढे आलाच नसावा. न्यूयॉर्कमध्ये तो आला. तेथील काही भाडेकरूंनी अ‍ॅपवरचे कुलूप नाकारून न्यायालयात धाव घेतली आणि २०१९ मधील तडजोडीत त्यांना साधी किल्ली परत मिळाली. त्या शहराने २०२१ मध्ये अशा इमारतींतील भाडेकरूंच्या ये-जा नोंदींसाठी स्वतंत्र कायदाच केला.

तिसरे नाते घरातल्या घरातले, आणि तेच सर्वांत नाजूक. हे कुलूप कोण केव्हा आले, केव्हा गेले याची मिनिटवार नोंद ठेवते. ती नोंद ‘मालक’ पाहतो. अनेक घरांत हे खाते नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या फोनवर असणार, हे सांगायला पाहणी कशाला हवी? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि त्याखालील नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम कंपन्यांना जबाबदार धरतात. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याने कक्षेबाहेर ठेवली आहे. ही सूट तशी शहाणपणाची. घरातल्या वहीवर सरकारने नजर ठेवू नये. पण त्यामुळे सुनेच्या ये-जा नोंदीपुढे तो कायदा थांबतो. तेथे उपयोगी पडेल तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. सामायिक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क तो मान्य करतो आणि त्या घराचा वापर रोखणे हा आर्थिक छळाचा प्रकार मानतो. रात्री अकरा वाजता तिचा ठसा यादीतून काढून टाकणे म्हणजे तिला घराबाहेर काढणेच होय, हे दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकारी यांच्या प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत यायला हवे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक चौथे नातेही मला दिसते, ते राज्यसंस्था आणि नागरिकाचे. अटकेसाठी घरात शिरू पाहणाऱ्या पोलिसाने आधी आपला अधिकार आणि हेतू सांगावा, आत येऊ देण्याची मागणी करावी आणि तरीही प्रवेश मिळाला नाही तरच दार फोडावे, ही अट १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, १९७३ च्या संहितेत टिकली आणि आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. परकीय राजवटीनेही दाराशी थांबून हाक मारण्याचे बंधन पत्करले होते. दार फोडले की आवाज होतो, साक्षीदार जमतात, पंचनामा होतो. सर्व्हरवरून दार उघडले तर यातले काहीच होत नाही. कंपनीकडे जर दुय्यम किल्ली असेल, तर ती उद्या कोणाच्या पत्रावर वापरली जाईल, याचा नियम आजच लिहिला पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा २०१७ चा निकाल नऊ न्यायाधीशांचा होता आणि एकमताचा होता; त्याची खरी कसोटी घराच्या उंबरठ्यावरच लागते.

आज सरकार या कुलपांत काय तपासते? बिनतारी उपकरण म्हणून त्याच्या लहरी तपासल्या जातात. २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आपल्याकडे कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त आहेत. अमेरिकेहून आणलेले झेड-वेव्हचे कुलूप ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलते, ते येथे नियमात बसत नाही. उपकरण ठरलेल्या पट्ट्यात, ठरलेल्या शक्तीने बोलते का, एवढेच ही मंजुरी पाहते. शेजाऱ्याच्या रेडिओला त्रास होऊ नये याची काळजी घेतली गेली आहे. त्या लहरींवर शेजारी आपले दार उघडू शकतो का, हा या मंजुरीचा विषय नाही. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा उपकरणांसाठी चांगली आचारसंहिता प्रसिद्ध केली. सर्व उपकरणांना एकच सांकेतिक शब्द देऊ नये, दोष कळवण्याची सोय असावी, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे, असे तिच्यात सांगितले आहे. मात्र ती ऐच्छिक आहे.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांबाबत सरकारने याहून कडक पाऊल उचलले. २०२४ मध्ये सुरक्षा चाचण्या सक्तीच्या करण्यात आल्या आणि एप्रिल २०२५ पासून अंमल सुरू झाला. बाहेर पाहणाऱ्या कॅमेऱ्याला जी कसोटी लावली, ती आत येऊ देणाऱ्या कुलपाला लावण्यात तत्त्वतः अडचण काय? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या घरगुती उपकरणांना सोपे सामायिक सांकेतिक शब्द देण्यास मनाई आहे आणि सुरक्षा दुरुस्त्या किती काळ मिळतील हे आधी सांगावे लागते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सायबर कायद्याने तर महत्त्वाच्या उत्पादनांच्या यादीत घराच्या स्मार्ट कुलपांचा नावानिशी समावेश केला आहे. त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील.

यावर उद्योगाचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी गांभीर्याने घेतो. कुलपे हा या देशाचा जुना व्यवसाय. अलीगढमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रुजला, मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला आणि तमिळनाडूतील दिंडिगुलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चाचण्यांचा खर्च मोठ्या आणि परदेशी कंपन्या पेलतील, गल्लीतला कारागीर मरेल, असे म्हटले जाते. कॅमेऱ्यांच्या वेळी प्रयोगशाळांच्या अपुऱ्या क्षमतेबद्दल तक्रारी झाल्याच होत्या. म्हणून टप्प्याटप्प्याने जावे. पण मी सुचवतो त्या अटींपैकी बहुतेकांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

प्रत्येक बिनतारी कुलपाला आतून हाताने आणि बाहेरून साध्या किल्लीने उघडण्याची सोय असावी; या अटीने अलीगढच्या कारागिराचे नुकसान नव्हे, फायदाच होईल. इंटरनेट बंद असतानाही कुलूप चालावे. सर्व्हरवरून कोणी दार उघडले तर घरात राहणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत व्यक्तीला तत्काळ कळावे आणि ती नोंद कोणालाही, अगदी कंपनीलाही, बदलता येऊ नये. सुरक्षा दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील ते खोक्यावर छापावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, कुलपाचे मुख्य खाते घराचा कायदेशीर ताबा असलेल्याच्या नावे असावे. घर भाड्याने दिले की भाडेकराराच्या नोंदणीबरोबर खाते हस्तांतरित व्हावे, आणि पती-पत्नींपैकी एकाने दुसऱ्याचा प्रवेश एकतर्फी रद्द करण्याची सोय उत्पादनातच नसावी. यांतील पहिल्या चार अटी मानक ब्युरो आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय घालू शकते. पाचवीसाठी राज्यांना आपल्या भाडेकरू कायद्यांत एकेक परिच्छेद घालावा लागेल.

या कुलपांचा मी विरोधक नाही. उद्या मी आत कोसळलो तर मुलाला दूरदेशाहून शेजाऱ्यासाठी दार उघडता येईल, ही सोय माझ्या वयात लहान नाही. पण सोय देणाऱ्याला ताबाही आपोआप मिळावा, हे कोषागाराच्या नियमांनी मला कधी शिकवले नाही.

त्या रात्रीनंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. धातूची किल्ली पाकिटात घालून, वर तारीख लिहून शेजाऱ्यांकडे ठेवली. आणि मुलाला सांगून अ‍ॅपमधील नोंद बदलून घेतली. त्या अ‍ॅपमध्ये मालक म्हणून एकच नाव बसते. दोन मालकांची कल्पनाच ते करणाऱ्यांना सुचलेली नाही. तेव्हा तेथे पत्नीचे नाव घातले. मी अजून पाहुणाच आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)